पाइप वर्गात न्यायचा की नाही

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक पाइपचा तुकडा असतो. दोन इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, वीतभर कापलेला. नोकरीच्या शेवटच्या वर्षी सांगलीतल्या एका जुन्या पेठेची लाइन बदलताना निघाला होता. आत गंजाचे आणि क्षारांचे असे गड्डे धरलेत की मधून करंगळी जाईल न जाईल. पाणीपुरवठ्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला निरोपाला मिळालेली शाल कुठे आहे ते आठवत नाही, हा तुकडा मात्र रोज हाताखाली असतो.

गेल्या रविवारी हिचा एक जुना विद्यार्थी घरी आला. ही पॅथॉलॉजीची प्राध्यापक, निवृत्त झाली तरी आठवड्यातून दोनदा शिकवायला जाते. तो आता हृदयरोगतज्ज्ञ आहे, अँजिओग्राफीच्या कॅथ लॅबमध्येच राहतो म्हटलं तरी चालेल. नव्या अभ्यासक्रमात दोन-तीन विभागांनी मिळून एकच विषय शिकवायची पद्धत आलीय. त्यामुळे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार या दोघांनी मिळून शिकवायचा होता. वेळ दोन तास. कोण काय बोलणार, एवढंच ठरवायचं होतं. चहा व्हायच्या आत त्याचा हात माझ्या टेबलाकडे गेला.

‘‘काका, हा मला एक दिवस द्या. वर्गात नुसता फिरवतो. दोन तासांचं काम दोन मिनिटांत.’’

ही आतून भडंगाचं ताट घेऊन येत होती. ताट त्याच्यापुढे ठेवलं, माझ्यापासून हातभर लांब, आणि म्हणाली, ‘‘तो पाइप माझ्या वर्गात येणार नाही.’’

‘‘का, मॅडम? पोरांना समजतं. पेशंटलाही समजतं. नळात कचरा साचला, पाणी कमी झालं, आपण कचरा बाजूला दाबून स्टेंट बसवला, पाणी सुरू.’’

‘‘समजतं ना. चुकीचं समजतं, तेही एका झटक्यात. मग ते काढायला मला पाच वर्षं लागतात.’’

मी भडंगाकडे बघत होतो. दोघं मला विसरले होते, हे माझ्या सोयीचंच होतं.

‘‘हे बघ,’’ ही म्हणाली, ‘‘या पाइपात गंज कुठे आहे? आतल्या पृष्ठभागावर. वरून चिकटलेला. रोहिणीत चरबी पृष्ठभागावर चिकटत नाही, ती भिंतीच्या आत शिरते. आतलं अस्तर दुखावतं, एलडीएल कोलेस्टेरॉल त्याखाली झिरपतं, तिथे अडकतं, बिघडतं. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते खायला भिंतीत घुसतात, खाऊन खाऊन फुगतात, फेसाळ पेशी होतात, तिथेच मरतात. त्यांच्याभोवती स्नायूपेशी येऊन टोपी विणतात. हे सगळं भिंतीत चाललेलं असतं. वरून रक्त नेहमीसारखं वाहतंय. आपल्या सांगलीत २०१९चा पूर पाहिलेली भिंत कशी असते? वर रंग दिलेला, चकचकीत. आत ओल मुरलेली. कुणाला कळत नाही. एक दिवस हात लागतो आणि पोपडा सुटतो.’’

‘‘ओल मुरलेल्या भिंतीला रक्ताची गुठळी होत नाही, मॅडम.’’

‘‘पाइपलाही होत नाही. पण माझी भिंत निदान खोटं तरी बोलत नाही.’’

मग तिने ग्लॅगॉव्हचं नाव काढलं. हे नाव आमच्या घरात मी अनेकदा ऐकलंय, भाच्या-पुतण्यांच्या नावांसारखं. १९८७ साली या माणसाने मृतांच्या हृदयवाहिन्या आडव्या कापून मोजल्या. त्याला दिसलं ते असं, की भिंतीत मेद साठत जातो तशी रोहिणी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट तेवढीच ठेवते. भिंतीच्या आतल्या जागेपैकी सुमारे ४० टक्के मेदाने व्यापेपर्यंत वाट अरुंद होतच नाही.

इथे मला राहवलं नाही. छत्तीस वर्षांत हजारो पाइप उकरले, पण आतल्या गाळासाठी जागा करून द्यायची म्हणून बाहेर फुगलेला एकही पाहिला नाही, असं मी सांगितलं. पाहिला असता तर कार्यकारी अभियंता होऊनच निवृत्त झालो असतो. डॉक्टर हसला, ही हसली नाही.

‘‘म्हणजे काय झालं? तू अँजिओग्राफी करतोस तेव्हा वाहिनीत रंग सोडतोस आणि आतल्या पोकळीची सावली बघतोस. भिंत तुला दिसतच नाही. सावली नॉर्मल आली म्हणून भिंत नॉर्मल आहे असं नाही. हे पोरांना कोण सांगणार?’’

‘‘तुम्ही सांगा. पण तुम्ही सांगत बसाल तोवर माझा पेशंट जाईल.’’ आता त्याने भडंगाचा घास खाली ठेवला. ‘‘मॅडम, ही पोरं तीन वर्षांनी इंटर्न होतील, मग कुठल्या तरी ग्रामीण रुग्णालयात रात्री तीनला एकटी उभी असतील. समोर पंचेचाळिशीचा माणूस, घामाने भिजलेला. बायको म्हणतेय, गॅस झालाय, सोडा पाजलाय, जात नाही. त्या वेळी पोराला फेसाळ पेशी आठवून काय करायचंय? त्याला दहा मिनिटांत ईसीजी काढता आला पाहिजे, वर उचललेला एसटी ओळखता आला पाहिजे, ॲस्पिरिन चावायला देता आली पाहिजे. कॅथ लॅब दोन तासांत गाठता येणार नसेल तर अर्ध्या तासात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. तिथे नळ बंदच पडलेला असतो. शंभर टक्के बंद. तिथे पाइपच खरा आहे.’’

‘‘तिथे खरा आहे,’’ ही म्हणाली. पुढे काही तरी म्हणणार होती, पण त्याने बोलू दिलं नाही. मला वाटतं, हा मुद्दा त्याने येतानाच गाडीत घोटून ठेवला होता.

‘‘आणि नळ बंद पडतो हे तुमच्याच लोकांना पटत नव्हतं! सत्तरच्या दशकात चांगले नावाजलेले पॅथॉलॉजिस्ट म्हणायचे, गुठळी हे हृदयविकाराच्या झटक्याचं कारण नाही, परिणाम आहे. स्नायू आधी मरतो, मग वाहिनीत रक्त गोठतं. का? तर सगळं टेबलावर मेल्यावर बघायचे. १९८०मध्ये डीवुड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसांची, झटका चालू असताना, अँजिओग्राफी केली. लोक म्हणाले, वेडे आहेत, पेशंट मारतील. पहिल्या चार तासांत आलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांची वाहिनी पूर्ण बंद सापडली. वाद तिथे संपला. आठ वर्षांनी आयसिस-२ या चाचणीचा निकाल आला, १७,१८७ पेशंटचा. नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ पावपट कमी. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिलं तर ४२ टक्के कमी. काही पैशांची गोळी, मॅडम.’’

ही गप्प बसली. चाळीस वर्षांच्या संसारात ही अशी गप्प बसलेली मी मोजक्या वेळा पाहिलीय. मग म्हणाली, ‘‘ते आमच्या विषयाचं चुकलं, ते मी वर्गात सांगते. दरवर्षी सांगते. मेलेल्या हृदयावरून चालू हृदयाचं सांगताना काय चुकतं ते शिकवायला त्याच्यासारखं उदाहरण नाही.’’ आणि लगेच, ‘‘पण आता तू सांग. ती गुठळी कुठल्या जागी होते?’’

‘‘मला माहितीय तुम्ही कुठे नेताय.’’

‘‘मग चल.’’

‘‘बऱ्याचदा अशा जागी होते जी आधीच्या अँजिओग्राफीत किरकोळ दिसत होती. पन्नास टक्क्यांच्या आतली. टोपी पातळ, आत मेद जास्त. फाटली की रक्ताला आतला माल लागतो आणि काही मिनिटांत गुठळी. पण यातही लोक अर्धंच सांगतात. एकेक धरली तर नव्वद टक्क्यांवाली जागा किरकोळ जागेपेक्षा जास्तच धोक्याची असते. किरकोळ जागा संख्येने खूप असतात, म्हणून झटक्यांच्या हिशोबात त्यांचा वाटा मोठा दिसतो. हे मी सांगणार, तुम्ही नाही. तुमच्या तोंडून ते ‘ब्लॉकेजला घाबरू नका’ असं ऐकू येतं.’’

‘‘सांग,’’ ही म्हणाली. आवाजात शाबासकी होती, ती त्याने हेरली नाही.

मध्येच मी माझं एक घोडं पुढे दामटलं. म्हटलं, आमच्याकडेही असंच आहे. जुन्या लाइनवर शटडाउन घेतला, दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं की पहिल्या तासात तक्रारींचे फोन. पाइप अरुंद झालाय म्हणून नव्हे, तो तर दहा वर्षं अरुंद होता आणि कुणी कुरकुर केली नव्हती. पाण्याच्या धक्क्याने गंजाचा तुकडा सुटतो आणि पुढच्या मीटरच्या जाळीत बसतो. आणखी एक सांगितलं, की व्यास निम्मा झाला की प्रवाह निम्मा होतो असं लोकांना वाटतं. आमच्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रात तो जेमतेम सहावा हिस्सा उरतो. डॉक्टर म्हणाला, बारीक वाहिनीत पॉइझेलचा नियम धरला तर सोळावा. आम्ही दोघं थोडा वेळ त्यात रमलो. हिने मला दहापैकी पाच मार्क दिले, ‘‘तुकडा सुटतो इथवर बरोबर. पण तुमच्या पाण्याला गोठता येत नाही,’’ आणि विषय परत ओढून घेतला.

मला वाटतं, खरं भांडण इथून सुरू झालं. तोवर दोघं एकमेकांना आपलं पाठांतर म्हणून दाखवत होते.

डॉक्टरला सुरुवात गोष्टीने करायची होती. वर्नर फॉर्समनची. १९२९, जर्मनीतलं एक गावठी म्हणावं असं रुग्णालय, पंचविशीचा डॉक्टर, स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवतो आणि तसाच चालत एक्स-रेच्या खोलीत जातो. पुढे १९५६मध्ये नोबेल. मग मेसन सोन्स, १९५८, क्लीव्हलंड. रंग महारोहिणीच्या मुळाशी सोडायचा होता, नळी घसरून उजव्या हृदयवाहिनीत गेली आणि अपघाताने पहिली नेमकी कोरोनरी अँजिओग्राफी झाली. मग त्याच क्लीव्हलंडमध्ये १९६७ला अर्जेंटिनाचा रेने फाव्हालोरो, पायाची शीर काढून बायपास. आणि शेवटी १६ सप्टेंबर १९७७, झुरिच. आंद्रेआस ग्रुन्टझिगने घरच्या स्वयंपाकघरात खटपट करून तयार केलेल्या फुग्याने ३८ वर्षांच्या माणसाची वाहिनी उघडली. ‘‘पोरं जागी होतात, मॅडम. निम्म्यांना त्याच दिवशी कार्डिऑलॉजिस्ट व्हायचं असतं.’’

‘‘तेच तर दुखणं आहे. सगळ्यांना ग्रुन्टझिग व्हायचंय, अकिरा एन्डो कुणाला व्हायचं नाही.’’

‘‘स्टॅटिनवाला?’’

‘‘जपानमध्ये बसून दोन वर्षं बुरशा तपासत होता. काही हजार. त्यातली एक तांदळावर वाढणारी निळसर बुरशी निघाली, १९७३. तिच्यातून पहिलं स्टॅटिन. त्या जातीचं औषध बाजारात यायला १९८७ उजाडलं. १९९४च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात ४,४४४ पेशंट होते, आधीच हृदयविकार असलेले. पाच वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. यात कुणी नळी घालून एक्स-रेच्या खोलीकडे चालत गेलं नाही. त्याचा व्हिडिओ नाही, ‘बिफोर-आफ्टर’ नाही. आता तुझ्या फुग्याचं सांग. झटका नसलेल्या, स्थिर पेशंटमध्ये. करेज चाचणी, २००७.’’

‘‘२,२८७ पेशंट. औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केली तरी मृत्यू आणि झटके कमी झाले नाहीत.’’

‘‘इस्केमिया चाचणी, २०२०.’’

‘‘५,१७९. तेच. पण मॅडम, त्यात डाव्या मुख्य वाहिनीचा आजार असलेले नव्हते, हेही सांगा. आणि छातीतलं दुखणं कमी झालं, हेही.’’

‘‘२०१७ला ऑर्बिटा चाचणीत खोटी अँजिओप्लास्टी केलेलेही जवळपास तेवढेच चालले.’’

‘‘आणि २०२३ला ऑर्बिटा-२मध्ये दुखण्याच्या गोळ्या बंद ठेवून बघितलं तेव्हा खऱ्या अँजिओप्लास्टीवाल्यांचं दुखणं नक्की कमी झालं. मॅडम, माणूस जिना चढताना थांबत होता, आता थांबत नाही. हे काहीच नाही का? आयुष्य वाढलं नाही म्हणून उपचार खोटा?’’

‘‘खोटा कुठे म्हणाले? पेशंटला काय सांगतोस ते विचारतेय. जिना चढता येईल म्हणतोस, की जीव वाचवला म्हणतोस?’’

त्याने उत्तर दिलं नाही. मग जरा चिडून म्हणाला, ‘‘स्थिर पेशंटला मी तसं कधी सांगत नाही.’’

‘‘तू नाही सांगत. पाइप सांगतो.’’

आता इथे मी तिसऱ्या बाजूने शिरतो, कारण माझ्या एलएडी या हृदयवाहिनीत २०१०पासून एक स्टेंट आहे. निवृत्तीला दीड वर्ष होतं. उंच टाकीचा जिना चढताना छातीवर कुणी तरी तळहात दाबून धरल्यासारखं व्हायचं, थांबलं की जायचं. ८० टक्के ब्लॉकेज निघालं. स्टेंटचेच सव्वा लाख घेतले होते. सरकारने किमतीला लगाम घातला तो फेब्रुवारी २०१७मध्ये, औषधी स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६०. ते छापून आलं त्या दिवशी मी पेपर घडी घालून बाजूला ठेवला होता. असो. तर त्या वेळी मला पडद्यावर दोन चित्रं दाखवली. आधीचं, त्यात काळ्या रेघेला मध्येच चिमटा काढल्यासारखा. नंतरचं, रेघ सरळ, जाड, सुरेख. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. अशी कामं मी आयुष्यभर केली होती. चोकअप काढला, टेस्टिंग घेतलं, लाइन चार्ज केली, फाइल बंद.

रक्त पातळ करणारी गोळी मी नेमाने घेतली, कारण स्टेंटमध्ये गुठळी होईल अशी भीती घातली होती. रात्रीची एटोरव्हास्टॅटिन मात्र दीड-दोन वर्षांनी सोडली. कुणाला न सांगता. पाय दुखत होते, कुणी तरी मजकूर पाठवला होता की या गोळ्यांनी स्नायू झिजतात. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं, की पाइप साफ झाल्यावर रोज ब्लीचिंग कशाला टाकायचं, हे माझ्या इंजिनिअरच्या डोक्याला पटेना. पॅथॉलॉजीच्या प्राध्यापिकेचा नवरा मी. जे ती दर वर्षी दीडशे पोरांना शिकवत होती, ते जेवणाच्या टेबलापलीकडे पोचलं नव्हतं.

पाकिटं मी कपाटाच्या खणात, जुन्या मोजमाप-वह्यांखाली ठेवत गेलो. टाकून द्यायला जीव होईना, पैसे पडले होते. वर्षभराने हिला सापडली. ती ओरडली नाही. रक्त तपासून आणलं, कागद माझ्यापुढे ठेवला आणि एलडीएलच्या आकड्यावर बोट ठेवून एवढंच म्हणाली, ‘‘स्टेंट दोन-अडीच सेंटिमीटरचा आहे. बाकीची वाहिनी कुणाची?’’

हे सगळं मी त्या दिवशी डॉक्टरला सांगितलं. पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत. तो बराच वेळ पाइपातून पलीकडे बघत होता, दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून.

‘‘माझे किती असतील असे?’’ तो म्हणाला. आम्ही कुणी काही बोललो नाही.

त्यानंतर मिनिटांची घासाघीस सुरू झाली, बाजारात वांग्यांची चालते तशी. हिला कोरियाची गोष्ट हवीच होती. १९५३मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० सैनिकांची हृदयं उघडली, सरासरी वय २२, आणि ७७ टक्क्यांच्या वाहिन्यांत आजाराच्या डोळ्यांना दिसतील अशा खुणा होत्या. ‘‘समोर बसलेली पोरं वीस वर्षांची आहेत. हा आजार म्हाताऱ्यांचा नाही, तुमच्या बाकावर बसलाय, हे ऐकल्यावर मागची रांगही मोबाइल खाली ठेवते.’’ डॉक्टरने तिला दहा मिनिटं दिली आणि वर स्वतःकडून भर घातली, की २००४च्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका ५३च्या आसपास आला आणि इतरांना ५८च्या, तर ते इथेच जोडा. ही म्हणाली, डॉक्टरांनाही तो सोडत नाही, हे सांगायला डॉ. नितू मांडक्यांचं नाव पुरे. इतरांची हृदयं शिवणारा माणूस २००३मध्ये झटक्यानेच गेला. त्यावर दोघं क्षणभर थांबले. त्याने मांडक्यांना एका व्याख्यानात ऐकलं होतं.

ग्रुन्टझिगला हिने पाच मिनिटं सोडली, फॉर्समनला शून्य. रात्री तीनच्या पेशंटला मात्र स्वतःहून अर्धा तास काढून दिला. तिने अट घातली, की ‘गॅस’ म्हणून आलेल्यांत बायका आणि मधुमेही असले पाहिजेत, ज्यांच्या छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं. त्याने ते पाकिटावर टिपून घेतलं.

‘‘आणि बिफोर-आफ्टर?’’ त्याने विचारलं. ‘‘तुमचा राग आहे तर काढून टाकतो.’’

‘‘नको, दाखव. पडद्यावर आफ्टर ठेव आणि बोलू नकोस. मग मी येते.’’

ती उठली, आतल्या खोलीत गेली. गोदरेजचं कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात साड्यांच्या दुकानाची जुनी प्लास्टिकची पिशवी होती. तिने ती टेबलावर उपडी केली. गोळ्यांची पाकिटं. दहा वर्षांपूर्वी तारीख उलटलेली, एकही गोळी न फोडलेली. मोजमाप-वह्यांखालची.

‘‘तू ठेवलीस ही?’’ मी म्हटलं.

‘‘म्युझियमचा नमुना कोण टाकतं? अहो, वर्गात दाखवू का? नाव नाही सांगत.’’

मी म्हटलं, दाखव. मग विचार करून म्हटलं, हवं तर नावही सांग.

डॉक्टरने पाकिटं एकेक करून परत पिशवीत भरली. एका हातात ती पिशवी घेतली, दुसऱ्या हातात पाइप. हिने पाइपाकडे बघितलं, काही म्हणाली नाही. त्याला चपला घालता येईनात, म्हणून पाइप मी धरला.

‘‘एवढा परत आणून दे,’’ मी म्हटलं. ‘‘कागद उडतात.’’

‘‘आणि गोळ्या, काका?’’

‘‘त्या कॉलेजात राहू देत.’’